पणजोबांच्या बाटलीचं भोक

ओहायोतल्या आमच्या गावच्या संग्रहालयात जुन्या वस्तू द्यायला रांग लागली होती. माझ्यापुढे म्हातारा वेंडेल आणि त्याची थोरली बहीण कॉरीन. त्याच्या हातात अमेरिकी यादवी युद्धातली पत्र्याची पाण्याची बाटली होती, तिला आरपार भोक.

“पणजोबांच्या छातीवर आलेली गोळी हिनं अडवली, ताई.”

“आरपार गेलेली गोळी अडवली कशी रे?”

“अरेच्चा! दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या जत्रेत, हीच गोष्ट सांगत भाषण ठोकतो, हे कधी डोक्यातच आलं नाही. गावातलंही कुणी बोललं नाही.”

“गावाचं लक्ष आइस्क्रीमकडे असतं.”

“मग भोक कुणी पाडलं?”

“बाबांनी. कोंबड्यांवर कोल्हा आला होता. त्याच्यावर नेम धरला आणि गोळी लागली खुंटीवरच्या बाटलीला. आई ओरडेल म्हणून ही गोष्ट रचली.”

“आईला पटली?”

“छे! पण तू पाच वर्षांचा, डोळे विस्फारून ऐकत होतास. पणजोबांसारखा शूर होणार म्हणून अंधारात एकटा झोपायला लागलास. मग आई गप्प बसली. मीही.”

“अजून त्याच जोरावर झोपतो गं मी.”

“मग तीच गोष्ट सांग आत. मी तोंड उघडणार नाही.”

त्यांची पाळी आली. टेबलामागच्या बाईंनी बाटली फिरवून पाहिली.

“या भोकामागे काही इतिहास?”

वेंडेलनं बहिणीकडे पाहिलं.

“आमच्या बाबांनी कोल्ह्यावर गोळी झाडली होती, बाई.”

“आणि कोल्हा?”

“कोंबडी घेऊन गेला. आमच्या घराण्याची गोळी आजवर कुणालाच लागलेली नाही.”