जाऊबाईंनी मोजलेला तलाव

पोहण्याच्या तलावाच्या तिकीट-खिडकीपाशी एक बाई कारकुनावर भडकल्या होत्या. मागे रांगेत पोहायला टॉवेल घेऊन उभा असलेला न्हावी आपली घाई विसरून ऐकत राहिला.

“पंचवीस मीटरचा तलाव चोवीसचा कधी झाला?”

“नव्या पायऱ्या बांधल्या ना, ताई. त्यात मीटरभर गेला.”

“मग पाटी का नाही बदलली? चाळीस फेऱ्या म्हणजे किलोमीटर, असं मी घरभर सांगून बसले!”

“चाळीस मीटरच कमी पडले. कुणाला कळतंय?”

“जाऊबाईंना! शिवणाची टेप घेऊन आल्या आणि काठाकाठानं मोजून गेल्या. काल पाहुण्यांसमोर म्हणतात कशा, ‘हिचा किलोमीटर जरा आखूडच आहे.’”

“त्या स्वतः पोहतात?”

“त्या बादलीलासुद्धा घाबरतात!”

“मग आज बेचाळीस फेऱ्या मारा. किलोमीटर होऊन वर आठ मीटर उरतील. ते जाऊबाईंच्या नावानं.”

“त्यांच्या नावानं मी बोटसुद्धा हलवणार नाही! शेवटच्या फेरीत भिंतीच्या आठ मीटर अलीकडेच बाहेर पडेन.”

“तिथं शिडी नाही, ताई.”

“मग दोर टाका!”