वाळूकडचा रस्ता

जयनगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, चोरून ऐकणं बरं नव्हे असं स्वतःला बजावत, विठोजी शेजारच्या बहीणभावाचं बोलणं ऐकत होते.

"अक्का, जैसलमेरहून सायकली वाळूच्या टेकड्यांकडे वळवू."

"वेडा आहेस का गिरी? तिकडे सावली नाही, पाणी नाही. हायवेनंच जाऊ."

"हायवेवर काय बघायचं? ट्रक? ते पीण्यात, कारखान्यांच्या भागात, रोज बघतो."

"डॉक्टर म्हणाले, डोळे उन्हापासून जपा."

"डॉक्टर असंही म्हणाले, दिसेल ते वर्षभरच."

"गप रे."

"नंतर दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर मी तुझ्या मागं बसेन. तू सांगशील, वाळू कशी दिसतेय ते. एकदा पाहिलेली असली, तर मला कळेल ना?"

"सरी, बरं. पाणी जास्त घेऊ."

"आणि तूही नीट बघ, अक्का. तुला सगळं नुसतं 'छान' असतं."