डावीकडचा दिवा

स्फाक्सच्या दवाखान्यात डोळे तपासायला नंबर लावून बसलेल्या सलवाला समोरच्या बाकावरचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत. मधे म्हातारा, उजव्या अंगाला मुलगी. डाव्या अंगाला बायको, त्याचा हात मांडीवर घेऊन बसलेली.

"बाबा, यंत्रातले दिवे दिसले का?"

"उजवीकडचे दिसले की. डावीकडे लावलेच नाहीत मेल्यांनी."

"लावले होते. उजवीकडे तुमची नजर चटकन जाते. डावीकडे निघते, पण पोचेपर्यंत दिवा विझून जातो. मेंदूला झटका आला ना, त्यामुळे."

"काहीतरीच! अरबी पेपरवाल्यांचंही तेच. ओळ उजवीकडून झोकात सुरू करतात नि अर्ध्यावर सोडून देतात."

"असू दे."

"तुझी आई का नाही आली? काल कुसकुस अर्धंच ताट वाढलं म्हणून ओरडलो, तर रुसून बसली?"

"आई, तू इकडे माझ्या जागी येऊन बस ना गं."

"नको, हेला. डॉक्टर म्हणाले, डावीकडेच बसा, म्हणजे नजरेला वळायची सवय लागेल. मी इथेच बसणार."

"अगं, हा झोहराचा आवाज! आली वाटतं!"

म्हातारा हरखून वळला. उजवीकडे. मुलीच्या डोक्यावरून पार दारापर्यंत बघत राहिला.

"कुठंय गं? बोलाव ना तिला. म्हणावं, अर्धं वाढलंस तरी चालेल."