मुबज्जऱ्याचं गरम पाणी

“कुणाला खरं वाटणार नाही, पण मुबज्जऱ्याच्या गरम झऱ्यात एकच डुबकी, आणि आमच्या हिच्या गुडघ्यांचं दुखणं खलास. समोरचा डोंगर पळत चढली.”

आखातात, मुबज्जऱ्याला नेणाऱ्या अल ऐनच्या बसच्या रांगेत भिकाजीकाका पुढच्या नीलेशला आणि त्याच्या आईला सांगत होते.

“ऐकलंस आई? तुझेही गुडघे मोकळे होतील.”

“तुम्ही होतात का हो तिथे?”

“होतो म्हणजे? हिच्या शेजारीच, गळ्यापर्यंत पाण्यात.”

“मग मी नाही येत, नीलेश. या वयात परक्या पुरुषांसमोर पाण्यात उतरू?”

“काका, पुरुष असतात तिथे?”

“असतात. म्हणजे नसतातही. त्या दिवशी मी एकटाच होतो.”

“अहो, नेऊ की नको? परवा तिची परतीची फ्लाइट आहे, आणि बस आता सुटेल.”

“यल्ला, चला, चढा. इन्शाल्ला कुणी नसेल.”

“नको रे बाबा. घरी चल.”

काकांच्या मागे उभी असलेली बाई पुढे वाकली.

“मावशी, बिनधास्त चढा. मी नेहमी जाते. बायकांचा हौद वेगळा आहे, मधे भिंत आहे, दारावर बाई बसलेली असते. पण काका, तुम्ही त्या हौदात शिरलात कसे?”