फेब्रुवारीतली चूक

सोलफ्रिड : परत वाच. काय लिहिलंयस ते मोठ्यानं वाच.

आयविंड : "फेब्रुवारीपासून सोलफ्रिड यांची सुरी काट्यापासून वर राहते. कॉड माशाचं बरंच मांस काट्याबरोबर वाया जातं." अहो, हा नुसता तुमच्या कामाचा वर्षाचा आढावा आहे...

सोलफ्रिड : आज तारीख काय?

आयविंड : अठरा नोव्हेंबर.

सोलफ्रिड : म्हणजे नऊ महिने तू कॉफीचा मग घेऊन माझ्या पाठीमागून चकरा मारल्यास, "छान चाललंय" म्हणालास, आणि चूक इथं फायलीत मुरत ठेवलीस?

आयविंड : तेव्हा तुमची आई नुकतीच गेली होती. कसं बोलणार?

सोलफ्रिड : फेब्रुवारी माफ. मार्चमध्ये कोण मेलं होतं?

आयविंड : तुम्ही या कारखान्यात एकोणीस वर्षं मासे कापताय. मी चार वर्षांचा साहेब. तुम्हाला काय सांगणार? शिवाय भिंतीवर सूचना लावली होती की.

सोलफ्रिड : "दर्जा सुधारा", ती? दर्जा म्हणजे किती रे? काट्यावर किती मांस राहिलेलं चालतं?

आयविंड : माशामागे चाळीस ग्रॅम. ऑफिसनं जानेवारीतच कळवलं होतं.

सोलफ्रिड : कुणाला?

आयविंड : मला.

सोलफ्रिड : वा! आकडा तुझ्या खिशात आणि सुरी आमच्या हातात! थंडीत माझं मनगट धरलं, म्हणून मी सुरी वेगळी धरायला लागले. एका शब्दानं टोकलं असतंस तर दोन दिवसांत सुधारले असते. आणि नव्यानं आलेल्या त्या मिल्डाला मासा कापायला कुणी शिकवलं?

आयविंड : तुम्ही.

सोलफ्रिड : एप्रिलमध्ये तूच तिला माझ्या टेबलाशी उभं केलंस. ऑगस्टमध्ये कामावरून काढलंस. कारण काय दिलंस?

आयविंड : हात बसत नाही. मांस वाया जातं.

सोलफ्रिड : अरे, हात चांगला बसला होता तिचा! मी दाखवला तस्साच! लिथुआनियातून दोन लेकरं घेऊन आलेली बाई. जाताना माझ्या गळ्यात पडून माफी मागत होती, "तुम्ही एवढं शिकवलंत, मलाच जमलं नाही." आणि मी मूर्ख, तिला धीर देत बसले!

आयविंड : हे माझ्या लक्षातच आलं नाही, सोलफ्रिड.

सोलफ्रिड : फोन लाव तिला. आत्ता.

(आयविंड बाहेर जाऊन फोन करतो. दहा मिनिटांनी परत येऊन खुर्चीत बसतो.)

सोलफ्रिड : काय म्हणाली?

आयविंड : चूक तिची नव्हती, माझी होती, असं सांगितलं. परत या म्हटलं. ती ट्रोम्सो शहरात एका हॉटेलात कामाला लागलीय. येणार नाही म्हणाली.

सोलफ्रिड : एवढंच?

आयविंड : विचारत होती, हे तेव्हाच का नाही सांगितलं.





सोलफ्रिड : ऊठ. ॲप्रन घाल. मी मासा कापते, तू शेजारी उभा राहा.

आयविंड : आढाव्याची अजून दोन पानं वाचायची राहिलीत.

सोलफ्रिड : राहू देत. सुरी वर गेली की तिथंच बोल.