आधी आपल्या गल्लीत सांग

बायांनो, भाऊंनो, आणि पुढच्या खुर्चीवर बसलेल्या कॉलेजातल्या मॅडम. तो पंखा जरा बंद करा कुणीतरी, माइकमध्ये नुसती घरघर येतेय. हां.

मी मंगल. मायामावशीच्या शेजारच्या खोलीतली. मला बोलता येत नाही असं नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. नळावर भांडले की माझा आवाज नाक्यापर्यंत जातो. पण आज मावशीच्या शोकसभेत बोलायचं जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही. रडून झालं माझं. मला भीती वाटतेय.

आत्ता मॅडम म्हणाल्या, मावशी लहानपणी छावणीत होती, लढाईच्या वेळी तिचा छळ झाला. तुम्ही माना हलवल्या. कुठली लढाई, कसली छावणी, हे मॅडमनी सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. ते मी सांगायचं असं मावशीच ठरवून गेली.

तुम्ही तिला नेपाळी मावशी म्हणायचात. मीही म्हणायचे. नवरा नेपाळी होता, पलसाण्याच्या कापडमिलमध्ये वॉचमन. तो वारला आणि ही इथं नवागामात आपल्यातच राहिली. डोळे बारीक, नाक बसकं, झालं, नेपाळी! विचारलं का कुणी कधी? आम्ही दोघी दाराशी बसून साड्यांवर स्टोन चिकटवायचो. माझी बडबड चालायची. ती म्हणायची, "मंगल, तुझ्या तोंडात कापडाचा लूम बसवलाय काय? लाइट गेली तरी बंद होत नाही." आपली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी माझ्यापेक्षा चांगली थापायची ती.

मग सरहद्दीवर चीनशी ते भांडण झालं, आपले जवान गेले. नाक्यावर पोरं चिनी मोबाइल फोडत होती. मावशी दूध घेऊन येत होती. पोरांनी अडवलं. "ए चिनी, जा तुझ्या देशात!" मी धावत गेले, ओरडले, "डोळे फुटले का रे? नेपाळी आहे ती, नेपाळी!" पोरं हसली. "सॉरी मावशी" म्हणाली. दुधाची पिशवी उचलून दिली. त्यातली पोरं आज इथं बसलीत. खाली बघू नका रे. मी भांडायला नाही आले.

घरी येऊन मी चहा ठेवला. ती म्हणाली, "मंगल, तू नेपाळी म्हणालीस म्हणून सोडलं. आणि नसते तर?"

"नसते तर काय?"

"नेपाळी नसते तर?"

मी चहात साखर घालत राहिले. तुमच्याकडं आहे उत्तर?

तेव्हा तिनं सांगितलं. तिचा बाप चिनी. सुतार होता, आसामात चहाच्या मळ्यावर. आई तिथलीच, आसामची. ही तिथंच जन्मली. चीन तिनं कधी डोळ्यांनी बघितला नाही. बासष्ट साली चीनशी लढाई लागली आणि पोलीस दारात आले. म्हणाले, थोडे कपडे घ्या, दोन-चार दिवसांत परत याल. गाडीत घालून पार राजस्थानात नेलं, देवलीच्या छावणीत. वाटेत स्टेशनावर लोकांनी गाडीला दगड मारले. त्या दोन-चार दिवसांची वर्षं झाली. बाप तिथंच मेला. ही एवढीशी पोर. रोज सकाळी गळ्यात नंबर अडकवून सगळ्यांना रांगेत उभं करायचे आणि मोजायचे. गिनती. बोलायचं नाही, हलायचं नाही. चोरी केली नव्हती, कुणाला मारलं नव्हतं. तोंड चिनी, एवढाच गुन्हा.

मॅडम ह्याच माणसांचा अभ्यास करतात. देवलीहून सुटलेल्या दुसऱ्या एका म्हातारीकडून त्यांना मावशीचा पत्ता लागला. आधी कितीदा आल्या तरी मावशी चहा पाजायची आणि उन्हाचं बोलून वाटेला लावायची. शेवटी बोलली. पण अट घातली, नाव सांगायचं नाही. म्हणून मॅडमच्या कागदांत ती "साक्षीदार क".

मग मॅडमच्या कॉलेजात परिषद झाली. मी सोबत गेले. दारात टेबल मांडलेलं, एक पोरगी सगळ्यांच्या गळ्यात कार्डं घालत होती. मोठमोठे लोक होते, परदेशातलेसुद्धा, सगळ्यांच्या गळ्यात कार्डं. तिनं मावशीच्याही घातलं. "साक्षीदार क". चांगल्या मनानं घातलं, पोरीची चूक नाही. आत हॉलमध्ये तेवढ्यात छावणीत मेलेल्यांसाठी मौन सुरू झालं. सगळे रांगेनं उभे. गळ्यात कार्डं. गप्प.

मावशी पांढरीफटक पडली. चालत भिंतीपाशी गेली आणि उभी राहिली. हात खाली, नजर समोर.

मी म्हटलं, "मावशी, चल, बसू." तिनं मला ओळखलं नाही. हळूच विचारलं, "गिनती हो गया?"

मॅडम धावत आल्या. तिच्या गळ्यातलं कार्ड काढलं, मग स्वतःचंही काढलं. तिला खुर्चीवर बसवलं आणि दार उघडं ठेवलं, तेव्हा कुठं ती माणसात आली. ती आली, पण तिची भीती माझ्या अंगात शिरली ती शिरलीच. आपण सगळे धुळ्या-जळगावाहून पोटासाठी ह्या परराज्यात आलेलो. उद्या आपल्या दारात कुणी आलं आणि म्हणालं, थोडे कपडे घ्या, तर? आपल्याला नेपाळी म्हणून सोडवायला कोण धावेल?

पुढं मावशी आजारी पडली, तेव्हा दवाखान्यात मॅडमनी तिला विचारलं, "मावशी, पुढच्या दिल्लीच्या परिषदेत तुमचं खरं नाव लावू का?" मावशीनं कूस बदलली. मॅडम गेल्यावर मला म्हणाली, "मी मेल्यावर लावू दे. पण आधी आपल्या गल्लीत सांग. तू तुझ्या तोंडानं सांग. लोक बसून राहिले तर मॅडमना हो म्हण. उठून गेले तर राहू दे. मी साक्षीदार क म्हणूनच बरी आहे."

मी म्हटलं, "मावशी, मला भीती वाटते गं."

"आणि मला इतकी वर्षं काय वाटत होतं? गंमत?"

म्हणून सांगते. तिचं नाव मेई-लान. माझ्या तोंडात नीट बसत नाही. बाप तिला आ-मेई म्हणायचा. माया हे नवऱ्यानं ठेवलं, चारचौघांत चालावं म्हणून. मेई-लान. झालं. सांगितलं.

आता मौन. मंडळाचे भाऊ, तुम्ही सगळ्यांना उभं राहायला सांगणार, माहीत आहे मला. नका सांगू. रांगेत उभी राहिलेली गप्प माणसं तिनं पुष्कळ बघितली. आपण बसून राहू. ती कनात बाजूला करा, वाट मोकळी ठेवा. ज्याला जायचं त्यानं जावं, मी कुणाला अडवणार नाही. मी डोळे मिटून घेते. बघायची माझी हिंमत नाही. मॅडम, तुम्ही बघा. पण मोजू नका. नुसतं बघा.

मेई-लान मावशी, तूही बस आता.