तांड्यावरचा हुंकारा

मला तेवढा ‘निवेदक’ शब्द आता कुणी ऐकवू नका. माझा प्रबंधच त्यावर आहे. जुन्या गोष्टीत सांगणाऱ्याला सगळं ठाऊक असायचं, पुढं ‘मी’ म्हणून सांगणारा आला, आता एकाच गोष्टीला चार-चार सांगणारे. जुन्याचा नमुना म्हणून सेनगावजवळच्या तांड्यावर एका आजींची गोष्ट रेकॉर्ड करायला गेले. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, ‘त्यात तुझा आवाज नको.’ म्हणून मी श्वाससुद्धा रोखून बसले.

राजा शिकारीला निघाला आणि आजी थांबल्या. मग एकदम ओरडल्या, ‘झोपलीस काय गं?’

मी इतकी दचकले की मोबाईल खाली पडला.

‘हुंकारा काहून न्हाई देऊन राहिली? मी काय भिंतीला सांगू?’

‘आजी, सर म्हणाले...’

‘मग सरालाच आणून बसव हितं.’

मग काय, गोष्ट संपेपर्यंत मी ‘हूं, हूं’ करत राहिले.

सरांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘सगळीकडं तूच आहेस. पुन्हा जा.’

पुन्हा जीपनं धक्के खात गेले. ‘आजी, तीच गोष्ट परत सांगाल?’

‘सांगते की. पण मागच्या खेपेला राणीचं लेकरू मेलं, तवा बी तुझं तेच हूं. ह्या डाव ऐकशील का, पोरी?’